दोन बोटे आखूड

मी एक छोटी पांढरी मालवाहू व्हॅन बोलते आहे. जपानातल्या अयाबे गावच्या नोझु कुटुंबाच्या तातामी दुकानाची; तातामी म्हणजे खोलीभर अंथरायच्या जाड चटया. माझी निवड कशी झाली, ही हकीकत मी १९ ऑक्टोबर २०२१ रोजी सकाळी डोळ्यांच्या एका दवाखान्याच्या आवारात ऐकली. सांगणाऱ्या होत्या दुकानाच्या मालकीणबाई फुमिए. ऐकणारी त्यांची धाकटी बहीण सादाको. फुमिएबाईंच्या डोळ्यांत औषध घातले होते आणि त्याचा परिणाम होईपर्यंत दोघी माझ्या पुढच्या सीटांवर बसल्या होत्या. जे मी ऐकले आणि जे मी स्वतः पाहिले, ते शक्यतो वेगळे ठेवून सांगते.

माझ्या जन्माविषयी सांगण्यासारखे फार नाही. कारखान्यातून माझ्यासारख्या शेकडो गाड्या बाहेर पडल्या. आम्हांला वेगळे ओळखायचे ते काचेवर चिकटवलेल्या आकड्यावरून. तेथून मी एका विक्रेत्याच्या आवारात आले. गिऱ्हाईक येई, दार आपटून पाही, चाकाला हळूच लाथ मारी आणि रंग विचारी. मालवाहू गाडी घ्यायला आलेली माणसेही माल ठेवायच्या जागेत क्वचितच डोकावत, हे माझे निरीक्षण आहे. त्याचा नियम मी करणार नाही.

आता ऐकलेला भाग. २०१३च्या जानेवारीत दुकानाचा जुना टेम्पो पुलावर बंद पडला, तो पुन्हा सुरू झाला नाही. तो टेम्पो तीस वर्षे फुमिएबाईंनी चालवला होता. त्यांचे पती कियोमित्सु गाडी चालवायला कधीच शिकले नाहीत. ते शेजारी बसत आणि वाट चुकली की खोकत. त्यांची मुलगी चिगुसा सात वर्षे तोक्योच्या एका तातामीवाल्याकडे काम करून नुकतीच घरी परतली होती. नवी गाडी घ्यावी, असे तिने रात्रीच्या जेवणात सुचवले.

"मी एकाहत्तर वर्षांचा," कियोमित्सु म्हणाले. "गाडी टिकणार पंधरा वर्षं. मग घ्यायची कुणासाठी? चटया वाहायला की मला?"

"माझ्यासाठी, बाबा."

"सात वर्षं सुई चालवलीस, कबूल. पण एखादी खोली एकटीनं बसवलीस का कधी?"

"तिकडे ते काम मोठे कारागीर करायचे."

"इकडेही तेच करतात." त्यांनी वाटी खाली ठेवली. "मी बरोबर येतोय तोवर दुकान. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी कुलूप. तेवढ्यासाठी गाडी कशाला हवी?"

"अहो, मग तेवढे दिवस चटया काय डोक्यावरून नेणार?" फुमिएबाई म्हणाल्या. "जाईल तेव्हा जाईल दुकान. माझ्या गुडघ्यांना निदान खालची पायरी तरी मिळू दे."

गाडी पाहण्याची परवानगी मिळाली ती अशी.

यापुढचे मी पाहिले आहे. चिगुसा आवारात आली ती तीन अटी घेऊन. दुकानाच्या गल्लीत दोन्ही बाजूंना पाण्याचे पाट आहेत, म्हणून गाडी अरुंद हवी. पायरी बुटकी हवी. आणि आत पूर्ण चटई मावायला हवी. शेजारची निळी गाडी दिसायला माझ्याहून देखणी होती. तिची पायरी उंच निघाली. पलीकडचा छोटा ट्रक उघडा होता आणि तातामीला पाऊस चालत नाही. मग चिगुसाने माझे मागचे दार वर उचलले आणि पिशवीतून एक बांबूची पट्टी काढून माझ्या पोटात आडवी ठेवली.

"एक चटई, वर सहा बोटं शिल्लक," ती स्वतःशीच म्हणाली. इतक्या आनंदाने मला कुणी मोजले नव्हते.

ती पट्टी तोक्योच्या चटईची होती. तिकडची चटई आखूड असते, आमच्याकडची आठ बोटे लांब. हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. ती त्याच दुकानात, त्याच चटयांवर रांगली होती. परंतु सात वर्षे तिच्या हाताने एकच माप धरले होते आणि हाताने डोक्याला विचारले नाही, असे मला वाटते. आठवडाभराने कागदांवर कियोमित्सुंचा सहीचा शिक्का उमटला आणि मी नोझुंची झाले.

पहिले काम ओत्सुकीबाईंच्या घरचे होते: आठ चटयांचे दालन. प्रत्येक चटई आपापल्या जागेच्या मापाची, पाठीवर जागेचा आकडा लिहिलेली. पेंढ्याच्या जाड गादीवर विणलेले लव्हाळे, दोन्ही लांब कडांना काळा कापडी काठ. बापलेकींनी पहिली चटई उचलून कडेवर उभी माझ्यात सरकवली. ती सीटच्या पाठीला टेकली. चिगुसाने दार ओढले. ते लागेना.

दोन बोटे. फक्त दोन बोटे चटई बाहेर राहत होती.

चिगुसाच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी मागच्या काचेतून पाहिला. कियोमित्सुंनी वाकून पाहिले आणि सरळ झाले.

"तोक्योची पट्टी," ते म्हणाले. "तिकडच्या चटया अंग चोरून झोपतात, बाई. आपल्या पाय पसरतात."

"दोरीनं दार बांधू," फुमिएबाई म्हणाल्या.

"काठ घासेल. गिऱ्हाइकाला घासलेला काठ दाखवायचा?"

चिगुसा पुढे झाली. ती माझ्या डाव्या दारातून आत शिरली, शेजारच्या सीटखाली चाचपडली आणि एक खटका ओढला. सीट पुढे दुमडून सपाट झाली. आठही चटया डाव्या बाजूला ओळीने उभ्या राहिल्या. मागचे दार अगदी अलगद लागले. मी मनातून सुखावले. मग तिघांच्याही एकदमच लक्षात आले. माझ्यात आता बसायला एकच जागा उरली होती, चालवणाऱ्याची.

"मी मागे चटयांजवळ बसतो," कियोमित्सु म्हणाले.

"बाबा, तुम्ही माल नाही."

"टॅक्सी बोलावू का?" फुमिएबाईंनी विचारले.

"तातामीवाला टॅक्सीतून उतरणार? गाव महिनाभर हसेल." ते माझ्या दुमडलेल्या सीटवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले. "दहाची वेळ दिलीय. ओत्सुकीबाई घड्याळ धरून बसतात. नीघ."

"कुलूप?" चिगुसाने विचारले.

"कसलं कुलूप? भिंत सरळ आहे असं समजू नकोस. कुठलीच भिंत सरळ नसते. नीघ म्हणतो ना!"

ती गल्लीतून मला इतकी हळू नेत होती की पाटाकाठचे बदक आमच्या पुढे गेले.

ओत्सुकीबाई अंगणात होत्या. "एकटीच? बाबांना कुठं सांडलंस?"

"गाडीत मावले नाहीत."

"गाडी छोटी की बाबा मोठे?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दालनाची सरकती दारे उघडी होती, म्हणून पुढचे मला दिसले. सात चटया बसल्या. आठवी बसली, पण तिचा एक कोपरा शेजारणीपेक्षा किंचित वर राहिला. चिगुसाने तळवा फिरवला. मग लोखंडी आकडीने ती चटई पुन्हा उचलली, खालच्या फळीवरचा पेंढा चिमटीने काढला आणि चटई परत टेकवली. असे तिने चार वेळा केले. मी मोजले आहे.

ओत्सुकीबाई मोजे घालून दालनभर चालल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, डोळे मिटून. "बाबांना सांग," त्या म्हणाल्या, "पायाला काही लागलं नाही."

परतलो तेव्हा कियोमित्सु दुकानाच्या उंबऱ्यावर बसून कुणाला कळू नये अशा बेताने गल्ली पाहत होते. चिगुसाने निरोप सांगितला. ते उठले. "परवा देवळातली खोली मोजायची आहे," ते म्हणाले. "तू जा. आणि ती पट्टी आधी चुलीत घाल."

दुकानाला कुलूप लागले नाही. कियोमित्सु २०१८च्या वसंतात गेले, तोवर चिगुसाने माझ्यातून शेकडो खोल्या एकटीने बसवल्या होत्या. मी आता एक लाख शेहेचाळीस हजार किलोमीटर चालले आहे. चढावर धापा टाकते, डाव्या सीटचा खटका मात्र लोण्यासारखा चालतो. गाडी निवडणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: आमच्या पोटात काय मावेल हे मोजाच, पण ते मावल्यावर शेजारी कोण बसू शकणार नाही, याचाही विचार करा. कधी त्याचे वाईट वाटेल, कधी वाटणार नाही.

एक गोष्ट राहते. त्या दिवशी दवाखान्याच्या आवारात फुमिएबाई बहिणीला म्हणाल्या, "शिक्का मारायच्या दोन दिवस आधी हे बसनं कुठं तरी जाऊन आले. यांची मोजायची पट्टी खुंटीवर नव्हती. परतले ते चहा घेऊन झोपले. मला वाटतं, गाडीच मोजून आले."

"मग बोलले का नाहीत?" सादाकोने विचारले.

"तेच तर. दोन बोटांसाठी मुलीवर ओरडायची संधी सोडणारा माणूस नव्हता तो."

हा भाग मी पडताळू शकले नाही. शिक्क्याच्या दोन दिवस आधी मला तपासणीसाठी दुसऱ्या गावी नेले होते. विक्रेत्याच्या आवारात माझ्याच मापाची एक गाडी उभी होती, तिला विचारता आले असते. पण मी परतले तेव्हा ती विकली गेली होती.