एका मशीनवर एकच माणूस

रावजींनी रिकामं काडतूस मशीनच्या खाचेत उभं केलं आणि ते पुन्हा आडवं झालं. घरंगळत जाऊन चंदरच्या चपलेपाशी थांबलं.

"याची खाचच बराबर नाय," रावजी म्हणाले.

"नाहीच," त्यांचा मुलगा कुंदन म्हणाला.

चंदरने काडतूस उचलून दिलं. सातपूरच्या त्याच्या वर्कशॉपमधलं हे तिसरं मशीन होतं, आणि आतापर्यंत तिन्हींच्या खाचा वाकड्या निघाल्या होत्या. एकावर तो बेअरिंग बसवायचा, एकावर दप्तरांच्या रिंगा. कोणीही कधी तक्रार केली नव्हती.

घरच्या घरी काडतुसं भरायचं मशीन घ्यायचं, हे रावजींनी लेकाच्या मोबाईलवर बघून ठरवलं होतं. त्यात एक परदेशी म्हातारा दांडा ओढायचा, काडतूस तयार व्हायचं, म्हातारा हसायचा. त्याच्या घरात मोटारीला वेगळी खोली होती. रावजींना म्हाताऱ्याचं टेबल फार आवडलं होतं. चंदरने तो व्हिडिओ तीनदा पाहून आपल्या प्रत्येक मशीनला तशीच, काडतुसाच्या बुडातली वापरलेली टिकली ठोकून काढणारी, एक बारीक कांडी बसवून दिली होती.

गावाकडे रानडुकरं भुईमूग उकरत होती. कुंदनची आई नवसाबाई ताट वाजवत हाकलायला गेल्या, तर एका डुकराने त्यांना पाटात पाडलं. कंबर धरली ती सुटली नाही. आता त्या ओट्यावर बसूनच ताट वाजवायच्या. डुकरांना त्या तालाची सवय झाली होती.

बंदूक होती. वडिलांपासूनची, परवान्याची. पण ती लोकसभेच्या वेळी ठाण्यात जमा केली. परत आणायला गेले तर विधानसभेसाठी जमा करायला सांगितलं. ती तिथेच होती, म्हणून तेवढी चक्कर वाचली. मग एकामागून एक निवडणुका येत गेल्या. मधल्या काळात परवाना संपला, आणि नूतनीकरणाचं विचारायला गेलेल्या कुंदनला ठाण्यातल्या हवालदाराने बाजूला घेऊन सांगितलं, "ते आता होणार नाही. सही करताना हात बघितला ना त्यांचा? नीट समजावून सांगा."

हे कुंदनला आज नीट समजावून सांगायचं होतं. सकाळी बसस्टॉपवर सांगायचं ठरलं होतं. मग चहा पिताना. मग पहिलं मशीन बघून झाल्यावर. एकदा मशीन पसंत पडलं की सांगावंच लागणार होतं, म्हणून तो प्रत्येक खाचेत खोट काढत होता.

"काका, काडतुसं भरायला लायसन लागतं," चंदर म्हणाला.

"बघू ते."

"दारू कुठून आणणार?"

"तेबी बघू."

"आणि बंदूक?"

"ठाण्यात हाय."

चंदरने मान हलवली. "म्हणजे मशीन घेतलं की सगळंच जमलं."

"कुठूनतरी सुरुवात करायला पायजे ना रे."

चंदरने चौथ्या मशीनवरचं पोतं काढलं. यावर तो प्रचाराचे बिल्ले काढायचा. हंगामात सकाळी एका पक्षाचे, दुपारी दुसऱ्याचे. मधे फक्त कचरा झाडावा लागे.

"म्हंजे याच्यापायी माझी बंदूक आडकली," रावजी म्हणाले.

"काका, मी फक्त टाचणी लावतो."

रावजींनी डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलं आणि काडतूस खाचेवर नेलं. काडतूस खाचेच्या कडेवर वाजत राहिलं, स्टीलच्या कपात चमचा वाजावा तसं. मग पडलं.

या वेळी कुंदनने खाचेला नावं न ठेवता काडतूस उचललं.

"आबा, मला तुमच्याशी—"

"मशीन समदी चांगली हायेत रे," रावजी म्हणाले. "तू धर. मी वढतो."

मागच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलं होतं: एका मशीनवर एकच माणूस. ती पाटी चंदरच्या डाव्या तर्जनीनंतर लिहिली होती. ते बोट आता निम्मंच होतं, कारण चंदर माल धरून होता आणि दांडा दुसऱ्याने ओढला होता. कुंदनच्या कंपनीतही हाच नियम होता, आणि नव्या पोरांवर त्यासाठी सगळ्यात जास्त ओरडणारा माणूस कुंदन होता.

"कुंदन, पाटी वाच," चंदर म्हणाला.

"वाचली."

त्याने काडतूस खाचेत उभं केलं. सोडलं की ते कलत होतं, म्हणून दोन बोटांत धरून ठेवलं. बरोबर वर, वीतभर उंचीवर, कांडी होती. रावजींनी दांड्यावर दोन्ही हात ठेवले, तसा दांडा खडखडायला लागला, आणि कांडीही.

"बंदूक यायची नाय ना आता?" रावजींनी कांडीकडे बघत विचारलं.

"नाही."

"हातामुळं?"

कुंदनने बोटं हलवली नाहीत. "हो, आबा."

"तुझ्या आईला म्हाईत हाय?"

"नाही."

"मी सांगीन." रावजींनी दांड्यावरची पकड बदलली. "नीट धर."

दांडा खाली येऊ लागला. आधी खडखडत, मग भार आल्यावर खडखड थांबली. कांडी कुंदनच्या बोटांमधून काडतुसात शिरली. बुडातली जुनी पितळी टिकली निखळून फरशीवर टक् करून पडली. इतकाच आवाज झाला. चंदरने आधी कुंदनची बोटं मोजली आणि मग श्वास सोडला.

रावजी वाकून फरशीवर शोधत होते. टिकली सापडली, ती त्यांनी उजेडात धरायचा प्रयत्न केला.

"फुटली का?"

"फुटलेलीच होती, आबा."

रावजींनी ती शर्टाच्या खिशात टाकली. दुसऱ्या खिशातून आणखी एक रिकामं काडतूस काढलं आणि मुलाच्या हातात दिलं.

"हं," ते दांडा वर करत म्हणाले. "हे धर."