फेकायचा नसतो तो गोळा

मी तीन किलोचा लोखंडी गोळा बोलतोय. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. भट्टीत वितळलो, साच्यात ओतला गेलो, लेथवर सोलून निघालो आणि तेव्हापासून रोज जमिनीवर आपटतोय. स्वभाव तापट झाला तर नवल ते काय!

मुलींच्या एका शाळेने नवं मैदान केलं, तेव्हा मी तिथे आलो. लाल धावपट्टी, उडीसाठी वाळूचा खड्डा, माझ्यासाठी सिमेंटचं वर्तुळ आणि बाजूला उंच जाळी. उद्घाटनाच्या पाहुण्यांनी मला एका हाताने उचललं, फोटो होईपर्यंत कसंबसं हसले आणि स्वतःच्याच बुटावर पाडलं. मला फार बरं वाटलं.

मग मला दांडगी मिळाली. खरं नाव हजेरीपटात असेल, पण मैदानावर सगळ्या तिला दांडगीच म्हणायच्या आणि तीही ओ द्यायची. पहिल्याच दिवशी तिने मला चेंडूसारखं भिरकावलं. खेळाच्या बाई ओरडल्या, "अगं बये! गोळाफेक हे नावच खोटं आहे. गोळा फेकायचा नसतो, मानेशी धरून ढकलायचा. फेकशील तर खांदा निखळेल!"

दांडगी शिकली. तिच्या दंडावर अधूनमधून बोटांचे काळेनिळे वळ असायचे. थोरला भाऊ मारायचा. तिचं खेळणं त्याला खपत नव्हतं. वळ जितके ताजे, तितका मी लांब जाऊन मातीत रुतायचो. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. आज त्याची लाज वाटते.

मोठ्या स्पर्धेची निवड होती. प्रत्येकीला तीन संधी. तिच्या दोन फाऊल गेल्या. तिसरीसाठी ती वर्तुळात उभी राहिली, तेवढ्यात भाऊ फाटक ढकलून आत आला.

"चड्डी घालून चारचौघांत नाचतेस? चल घरी!"

वेणी धरून त्याने तिला खाली पाडलं आणि तोंडावर मारलं. ओठ फुटला, रक्त माझ्यावर सांडलं. बाई मध्ये पडल्या, तर त्यांना असं ढकललं की डोकं जाळीच्या खांबावर आदळलं.

"हा हातच मोडतो. मग बघू काय खेळतेस ते!" म्हणत त्याने मला उचललं आणि डोक्यावरून, सगळा जोर लावून फेकलं.

त्याच्या खांद्यात कट्कन आवाज झाला. मी तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर आपटलो. सिमेंटचा टवका उडाला. भाऊ वर्तुळातच बसून गुरासारखा ओरडू लागला.

दांडगी उठली. तिने मला उचललं. घाल याच्या टाळक्यात, मी म्हणत होतो. ती तसंच करणार असं त्यालाही वाटलं असावं, कारण त्याने चांगल्या हाताने डोकं झाकून घेतलं.

"दादा, सरक," ती रक्त थुंकून म्हणाली. "माझी एक फेक राहिलीय."

तो खुरडत बाजूला झाला. तिने मला ढकललं. इतक्या लांब मी कधीच गेलो नव्हतो.

बाईंना सहा टाके पडले. दुसऱ्या दिवशी त्या पोलिसांना घेऊन दांडगीच्या घरी गेल्या, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "पहाटेच टेम्पोत सामान भरून गेले हो. पोरगी मागे पोत्यांवर बसली होती." कुठे गेले, कुणालाच ठाऊक नाही.

मी साहित्याच्या खोलीत पडून आहे. निवडीची यादी आठ दिवसांनी लागली. वाचणाऱ्यांनो, तुमच्या आसपास नवं बिऱ्हाड आलं असेल, भावाचा हात गळ्यात बांधलेला असेल आणि धिप्पाड बहीण दाराबाहेर दिसत नसेल, तर कडी वाजवा. हाक मारून तिला सांगा, पहिलं नाव तिचंच आहे. तिला अजून ते कळलेलं नाही.