तिसऱ्या टाकीसाठी दोन ओळी

कारखान्यात तिला सगळे लेखणीबाई म्हणत. मोठ्या साहेबांची भाषणं बारा वर्षं तीच लिहून देत होती. निरोप समारंभ असो की नव्या यंत्राचं उद्घाटन, तोंड साहेबांचं आणि शब्द बाईंचे, असं लोक हसून म्हणायचे.

त्या दिवशी अकराच्या सुमारास साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं.

"शोकसभेचं भाषण हवंय. पुढचं मी सांभाळून घेईन. सुरुवात तेवढी जमली पाहिजे. पहिल्या दोन वाक्यांत लोकांचा राग विरघळला पाहिजे."

तिने विचारलं, "कोण गेलं, साहेब?"

"अजून कोणी नाही." साहेब खिडकीबाहेर बघत होते. "तिसऱ्या टाकीवरचे कामगार, असं धरून लिहा. आकड्याची जागा मोकळी ठेवा. कागद तयार असलेला बरा."

ती जागेवर येऊन बसली. तिचा धाकटा भाऊ रसायनाच्या तिसऱ्या टाकीवर होता, दोनच्या पाळीला. टाकीचा पत्रा गंजून पातळ झालाय, असं तो महिनाभर सांगत होता. 'तुझं आपलं काहीतरीच' म्हणून तिनेच ते उडवून लावलं होतं.

साहेब उगाच घाबरत असतील, असं तिने मनाला समजावलं आणि पेन उचललं. 'आज शब्द अपुरे पडत आहेत.' छे, हे तर सगळेच म्हणतात. खोडलं. 'आपल्या कुटुंबावर घाला पडला आहे.' साहेबांच्या तोंडी कुटुंब? लोक खवळतील. तेही खोडलं. डब्याची वेळ टळून गेली तरी ती उठली नाही. आणि मग जमलं. क्षणभर तिला चक्क बरं वाटलं.

तिने ते ओठातल्या ओठात वाचून पाहिलं, आणि शोकसभेत पहिल्या रांगेत बसलेली आपली भावजय तिच्या डोळ्यांसमोर आली. घड्याळात पावणेदोन झाले होते.

जिन्यावरून ती जवळजवळ धावतच फाटकापाशी गेली. दोनच्या पाळीची माणसं आत शिरत होती. पहारेकऱ्याच्या स्टुलावर चढून तिने कागद वाचायला सुरुवात केली.

"घरातून निघताना प्रत्येकाने 'येतो' एवढंच म्हटलं होतं. आपण अजून त्यांची वाट बघतो आहोत."

माणसं जागच्या जागी थांबली.

"ताई, कोण गेलं गं?" गर्दीतून भावाने विचारलं.

"तुम्ही. तिसऱ्या टाकीवरचे. साहेबांनी आज लिहून घेतलंय."

मुकादमाने तिच्या हातून कागद ओढून घेतला, खाली आकड्यासाठी सोडलेली मोकळी जागा पाहिली आणि तो आत धावला. सकाळच्या पाळीचे लोक हात पुसत, शिव्या देत बाहेर येऊ लागले. सगळे यायच्या आतच टाकी सांध्यावर उसवली. पायाखालची जमीन हादरली आणि भिंतीवरून पिवळा धूर रस्त्यावर उतरला.

खालच्या व्हॉल्व्हपाशी दोघं होते. त्यांच्यापर्यंत हाक पोहोचलीच नाही.

संध्याकाळी भाऊ तिच्याशेजारी फुटपाथवर येऊन बसला. त्याचे डोळे धुराने लाल झाले होते.

"साहेबांनी तुला कधी सांगितलं?"

"अकराला."

तो हळूच म्हणाला, "ताई, मग दोनपर्यंत काय करत होतीस?"

"सुरुवात जमत नव्हती," ती म्हणाली.

भाऊ उठला आणि त्या दोघांच्या घरच्यांपाशी जाऊन उभा राहिला.