भेग पावसाळ्यातच मोजायची

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणते, "इले चहा देल्ला तरी हे आधी वास घेते." त्यामुळे अकोल्याला पहिल्या दिवशी विपुल सरांनी पूर्ण नाव विचारलं, मी "प्रणाली धर्मपाल तायडे" म्हटलं आणि ते नुसतं "बरं" म्हणाले, तर तो "बरं" मी परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत चघळत बसले. पण खोटं का बोलू? आडनावावरून त्या माणसाने मला कधी त्रास दिला नाही. खुर्ची मिळाली, हेल्मेट मिळालं, चहा सगळ्यांसारख्याच कपातून आला. माझा संशय तिथे उपाशी राहिला आणि दुसरीकडे चरायला गेला.

सरांच्या फर्मचं मुख्य काम असं, की जुन्या इमारती तपासायच्या आणि त्या वापरायला ठीक आहेत की नाहीत याचा रिपोर्ट द्यायचा. शाळा, वसतिगृहं, मंगल कार्यालयं. मी अमरावतीला सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला. फेब्रुवारी ते जुलै, सहा महिने रोज अपडाऊन करून इथे काम शिकायचं आणि शेवटी सरांच्या सहीचं सर्टिफिकेट कॉलेजात द्यायचं. ते नसेल तर डिग्री अडकणार. शिवाय सर एकदा म्हणाले होते, नीट काम केलंस तर ऑगस्टपासून इथेच रहा. ही गोष्ट बाबांनी नांदगाव खंडेश्वरच्या त्यांच्या शाळेत सगळ्या मास्तरांना सांगून ठेवली होती.

पहिला महिनाभर मला जुन्या फायली वाचायला बसवलं. वाचता वाचता एक गोष्ट खुपायला लागली. पाहणीची तारीख बावीस जुलै. नऊ ऑगस्ट. तीस ऑगस्ट. चार सप्टेंबर. एक्केचाळीस फायली पाहिल्या, मार्च-एप्रिल-मेमधली एकही तारीख नाही. सरांना विचारलं तर हसून म्हणाले, "उन्हात कोण जाईल गं मरायला?" मी पण हसले. आणि एप्रिलमध्ये त्याच सरांनी मला आणि फर्मचे सगळ्यात जुने सुपरवायझर नत्थुजी यांना चव्वेचाळीस डिग्रीत बाळापूर रोडच्या नव्या बांधकामावर दोनदा धाडलं. म्हणजे उन्हाचं कारण नव्हतं.

आमच्याकडच्या काळ्या मातीचं कोणाला शिकवावं लागत नाही. वैशाखात ती अशी फाटते की शेळीचा पाय अडकतो, आणि चार पाऊस झाले की फुगून परत एक होते. तिच्यावर उभं असलेलं घरही तिच्यासोबत हलतं. मेमध्ये भिंतीची भेग आ वासते, जुलैत तोंड मिटून सोज्वळ होते. म्हणूनच भेग मोजायची तर एक उन्हाळा आणि एक पावसाळा दोन्ही पाहा, असं पुस्तकात लिहिलंय. इथे मात्र सगळं फक्त पावसाळ्यातच मोजलेलं होतं. आकडे बारीक, शेरा एकच: "वापरास योग्य."

मी फोनमध्ये फायलींचे फोटो काढायला लागले. नत्थुजी तंबाखू मळत माझ्याकडे पाहत असायचे. ते सरांना सांगतील असं मला रोज वाटायचं. डबा खातानाही मी फोन पालथा ठेवायची.

मेमध्ये मूर्तिजापूरच्या मुलींच्या वसतिगृहाची फाईल आली. माझी धाकटी बहीण नीलम अकरावीपासून तिथेच राहते. मी कोणाला बोलले नाही. बोलले असते तर फाईल हातातून गेली असती.

सतरा मेला नत्थुजी आणि मी तिथे गेलो. सरांनी सांगून पाठवलं होतं, फक्त खोल्यांची लांबी-रुंदी घ्यायची. सुट्टीमुळे पोरी घरी होत्या. जिन्याजवळ आले आणि मी थांबलेच. जिन्याच्या बाजूची भिंत बीमपासून सुटली होती. वरून खालपर्यंत तिरपी भेग, आणि तिच्यातून पलीकडच्या अंगणातला उजेड दिसत होता. मी पिशवीतली मापपट्टी काढली. साडेसहा मिलिमीटर.

"ते ठेव," नत्थुजी म्हणाले. "भेगीचा नाप आता नाही घ्यायचा."

"काहून?"

"जुलैत घेऊ. साहेबाचं तसंच असते."

"नत्थुजी, जुलैत ती मिटलेली असते. तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं. "पाह्य पोरी, साहेबानं आजवरी एकबी नाप खोटा लिवला नाही. साहेब खरंच लिवते. खरं कवा लिवायचं, थे त्याईले समजते."

"आणि भिंत पडली म्हणजे?"

"संस्थावाल्याईले इमारत बंद करायची नसते. आपण 'धोका' लिवला त ते दुसऱ्या इंजिनियराकडे जातात. मंग थो लिवते 'योग्य'. थांबते का काही? मी काय कमी बोललो असन का?"

बोलले होते की नव्हते, देव जाणे; ते देव मानतात, त्यांचा तो हिशेब. मला एवढंच कळलं की आजवर मी ज्यांच्यावर चहाडखोर म्हणून नजर ठेवली, ते सगळं माहीत असून वीस वर्षं तंबाखू मळत होते. मला त्यांचा राग आला. मी साडेसहाचा आकडा वहीत तारखेसकट लिहिला आणि वही पिशवीत अगदी तळाशी घातली.

जूनमध्ये पाऊस लागला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सरांनी मला एकटीलाच मूर्तिजापूरला पाठवलं. "आता भेगा मोजून आण. तू हुशार आहेस, तुझ्यावर विश्वास आहे." हे ऐकून मला आणखीच भीती वाटली. जिन्याजवळ गेले तर भेग जेमतेम रेघेएवढी. एक मिलिमीटर. दोनदा मोजली, तिसऱ्यांदा मोजली, एकच.

सोमवारी सरांनी टाइप केलेला रिपोर्ट पुढे सरकवला. खाली त्यांचं नाव, आणि त्याच्या वर "निरीक्षण: कु. प्रणाली ध. तायडे".

"विद्यार्थ्यांचं नाव कोणी रिपोर्टवर घालतं का? मी घालतो. तूच मोजलंस, तूच सही कर."

"सर, मेमध्ये हीच भेग साडेसहा होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज मात्र चढवला नाही. "मेमध्ये तुला भेग मोजायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. मी सहज..."

"सहज मोजलेलं रिपोर्टमध्ये येत नाही, प्रणाली. पाहणीच्या दिवशी जे आहे ते येतं. हा आकडा खोटा आहे का?"

"नाही सर."

"मग?" ते हसले. "एकतीस तारखेला तुझं सर्टिफिकेट. एक तारखेपासून तुझं टेबल खिडकीपाशी लावू."

मी सही केली. परतीच्या गाडीत मी स्वतःला एकच गोष्ट सांगत होते, की नीलमला तिथून काढलं म्हणजे झालं. गाडी मूर्तिजापूरला थांबली तेव्हा मी खिडकीकडे पाहिलंच नाही.

रविवारी सत्तावीस तारखेला तिला आणायला गेले. घरी सांगितलं होतं, मेसचं जेवण वाईट आहे, अमरावतीत खोली पाहू. वॉर्डन ज्योत्स्ना मॅडमनी मुली घरी नेताना भरायचं रजिस्टर उघडलं. तारीख, मुलीचं नाव, नेणाऱ्याचं नाव, कारण, सही. मी नाव लिहिलं. त्या थांबल्या.

"प्रणाली तायडे म्हंजे? त्या रिपोर्टावर हेच नाव हाय ना? संस्थेच्या अध्यक्षाइनं मले झेरॉक्स देली."

"हो. मीच."

"तुमीच मोजली न भेग? वापरास योग्य म्हणून तुमचीच सही हाय."

"हो."

"मंग बहिणीले काहून नेता?"

मेसचं जेवण ओठावर होतं. दाराबाहेर जिना दिसत होता. रविवार म्हणून पाच-सहा पोरी पायऱ्यांवर बसून एकमेकींच्या डोक्याला तेल लावत होत्या. नीलमच्या खोलीतली एक त्या भिंतीलाच टेकली होती. तिने मला पाहून हात हलवला. "ताई, नीलम परत येईन ना?"

ज्योत्स्ना मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. तसंच, जसं मी आजवर सगळ्यांकडे पाहत आले. सरांच्या "बरं"कडे, नत्थुजींच्या तंबाखूकडे. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्यावर संशय घेत होतं आणि तो अगदी बरोबर होता. मी माझ्या बहिणीला वाचवायला आले होते. बाकीच्या बावन्न जणींच्या डोक्यावर माझी सही ठेवून.

मी कारणाच्या रकान्यात लिहिलं: "जिन्याची भिंत बीमपासून सुटली आहे. १७ मे रोजी भेग साडेसहा मिमी. आताचं माप पावसामुळे कमी दिसतं. राहण्यास धोका." आणि सही केली.

मॅडमनी दोनदा वाचलं. "तुमच्या साहेबाले समजलं त?"

"समजेलच. आजच समजेल."

"अन् बाकीच्या पोरी?"

"त्यांची नावं लिहा. सगळ्यांपुढे हेच कारण घाला. सही मी करते."

त्या उठून दारात गेल्या आणि ओरडल्या, "पोरीहो, उतरा तिथून. हळूहळू. त्या भिंतीले हात लावू नका." परत येऊन त्यांनी आधी अध्यक्षांना फोन लावला, मग एकेका मुलीच्या घरी. मी लिहीत राहिले. आईबाप येईपर्यंत पोरी समोरच्या शाळेच्या व्हरांड्यात ट्रंका घेऊन बसल्या होत्या.

एकतिसाव्या नावापुढे सही करत होते तेव्हा सरांचा फोन आला.

"प्रणाली, तिथे काय लिहून राहिली तू?"

"मेमधलं माप लिहिते आहे सर," मी म्हटलं आणि बत्तिसावी सही केली.