कमी झाले तरी बोंब, जास्त झाले तरी बोंब

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे आणि बोंबलणे हा माझा पिढीजात धंदा आहे. कारखान्यातल्या बाईंनी मला जोडतानाच शिकवले, की बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन कमी झाला तर ओरडायचे आणि नळीने देताना वाजवीपेक्षा जास्त झाला तरी ओरडायचे. पहिल्या ओरडण्याचे कौतुक होते. दुसऱ्यासाठी मला किरकिऱ्या म्हणतात.

नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात माझी उमेदीची वर्षे गेली. एकदा माझी तार एका चिमुकलीच्या पावलाला बांधली. ती फारच आधी जन्मलेली, वजनाला एखाद्या शब्दकोशाहून हलकी. तिचे आजोबा निवृत्त मुख्याध्यापक. पडद्यावरचे ब्याण्णव पाहून त्यांचा चेहरा पडला. आमच्या घराण्यात कुणी आठ गुण सोडले नाहीत, असे ते सुनेजवळ पुटपुटले आणि सिस्टरची पाठ वळताच त्यांनी ऑक्सिजनचे बटण हळूच फिरवले.

आकडा शंभरावर गेला. आजोबांची छाती फुगली. मी जीव तोडून ओरडू लागलो.

"गप रे," ते मला म्हणाले, "शंभर मिळाले तरी रडतोस?"

सिस्टर धावत आल्या. बटण मागे घेऊन म्हणाल्या, "आजोबा, हिच्या डोळ्यांचा पडदा अजून तयार व्हायचाय. जास्त ऑक्सिजननं त्यातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात. दृष्टीसुद्धा जाऊ शकते."

आजोबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

पुढे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पडदा तपासला आणि रक्तवाहिन्या वाट चुकल्याचे त्यांना दिसले. आजोबांनी बटणाची कबुली देताच डॉक्टरीणबाईंनी समजावले, की तेवढ्या बटणाने हे झाले असे नाही. लवकरचा जन्म, कमी वजन, मध्ये झालेला जंतुसंसर्ग, सगळ्यांनी मिळून कट केला होता. लेसरचा उपचार मात्र वेळेत झाला. तेव्हापासून आजोबा माझ्याशेजारी पहारेकरी झाले. शेजारच्या बाळाचे आजोबा बटणाकडे नुसते बघत असले, तरी हे खाकरायचे.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी लाल चेंडू हलवला. पोरीची नजर त्याच्यामागे डावीकडे गेली, उजवीकडे गेली. मग चेंडूचा कंटाळा येऊन तिने नेम धरला आणि आजोबांची मिशी पकडली. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आले. ते मिशी ओढल्यामुळे, असे ते सांगतात.

मित्रांनो, घाईने जगात आलेल्या बाळाचे डोळे कितीही टपोरे दिसोत, पडद्याची तपासणी चुकवू नका. आणि नंतर मिशी सांभाळून बसा.