आजींच्या अंगठ्याचा ठसा

मित्रांनो, मी एक जुने तांब्याचे नाणे आहे. जुने म्हटले तर तुम्हाला खोटे वाटेल, इतके मी आज चकाचक आहे. हेच तर माझे दुखणे.

टाकसाळीतून निघाल्यावर मी पुष्कळ हात पाहिले, खिशाखिशांत किल्ल्यांशी भांडले. चलनातून बाद झाल्यावर घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांच्या खणात आले. तिथे माझी केवढी बडदास्त! ते मला डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवत, मऊ कापडाने नुसते टिपत. घासत मात्र कधीच नसत. माझा तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे, ती माझी कातडी, असे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

आजी म्हणत, "माझे गुडघे दुखले तर ढुंकून बघत नाहीत, नाण्याला मात्र अंघोळ!"

एकदा आजींनी मला तेलकट हाताने उचलले. अंगठा नेमका माझ्या तोंडावर! आजोबा कडाडले, "अगं, कडेला धर! डाग पडेल ना!"

डाग पडलाच. हळूहळू अंगठ्याची रेघ न् रेघ माझ्यावर काळी उमटली. त्यावरून दोघांत अबोलाही झाला.

पुढे आजी गेल्या. मग आजोबा रोज सकाळी भिंग घेऊन फक्त मलाच बघत. बाकीची नाणी तशीच पडून असत. तो ठसा डोळे भरून पाहून झाला, की मला पुन्हा कागदी पाकिटात ठेवत.

एकदा त्यांची लेक राहायला आली. बाबा उदास असतात, त्यांना जरा खूश करावे, म्हणून तिने लिंबू-मीठ घेऊन मला खसाखसा घासले. ठसा पाण्याबरोबर मोरीत गेला.

"बाबा, बघा कसं लखलखतंय! तो घाणेरडा डागही निघाला!"

आजोबांनी भिंग डोळ्याला लावले. बराच वेळ ते लावूनच ठेवले. मग म्हणाले, "छान केलंस, बाळा. दमली असशील, बस जरा."

खरे काय ते त्यांनी तिला आजवर सांगितलेले नाही. मला पाकिटात घालून त्यांनी खण लावला, तो पुन्हा उघडला नाही. आता मी आणि अंधार. फार एकटे वाटते.

मित्रांनो, जुन्या नाण्याला लिंबू, राख, पावडर लावू नका. आणि हात लावण्याआधी, ते ज्याचे आहे त्याला एकदा विचारा. आम्हाला बोलता येत नाही. आले असते, तर त्या दिवशी मी मोरीवरून जिवाच्या आकांताने ओरडले असते, "ताई, थांब! ही तुझी आई आहे."