शेखा बदरियाच्या तीन डब्या

गुरुवारी दुपारची नमाज आटोपली की नाईलकाठच्या दिमयात शहरातल्या सुतारगल्लीत करवती थांबत आणि बायकांची रीघ शेखा बदरियाच्या अंगणाकडे लागे. शेखाबाई मुरुमं घालवत. नुसती घालवत नसत, तोंडावर बसलेली नजर मुळासकट उपटत!

पद्धत सोपी होती. तुरटीचा खडा निखाऱ्यावर टाकायचा. तो फुगून वेडावाकडा झाला की त्यात शेखाबाईंना नजर लावणारीचं नाक दिसे. गल्लीत नाकांना काही तोटा नव्हता. मग डबी मिळे. शेजारणीच्या नजरेला पांढरी, नातलगाच्या नजरेला पिवळी आणि घरातल्याच माणसाच्या नजरेला काळी.

"रात्री लावायचं, वाटाण्याएवढंच, कोरड्या तोंडाला," शेखाबाई बजावत. "उन्हात फिरलीस तर सूर्याला हेवा वाटेल. आग होईल, सालं निघतील, घाबरायचं नाही. नजरच ती, निघताना भांडणारच!"

आणि खरंच, दोन-तीन महिन्यांत बऱ्याच पोरींचे चेहरे साफ होत. मग शंका काढायची कुणाची छाती?

गल्लीच्या तोंडाशी मुशीराचं औषधांचं दुकान होतं. सगळी गल्ली तिला डॉक्टरच म्हणे. शेखाबाईंच्या गोष्टी ऐकून तिला हसू येई, आणि हसून ती आपल्या कामाला लागे. मग एका गुरुवारी युम्ना आली. लग्नाला चार महिने झालेली पोर, चेहरा लालबुंद, हनुवटीवर सालं लोंबत होती. मागोमाग सासू, हज करून आलेली हज्जा इनआम.

"डॉक्टर, आग थांबेल असं काहीतरी द्या."

"काही देऊ नका हो!" हज्जा म्हणाली. "घासल्याशिवाय लाकडाला पॉलिश चढतं का? सालं निघताहेत म्हणजे काम चाललंय."

"हज्जा, सुनेचं तोंड आहे ते, पलंगाची फळी नव्हे. डबी कुठली दिलीय?"

"काळी." हज्जाचा आवाज उतरला. "घरातल्या माणसाची नजर म्हणे. माझी नव्हे हं! धाकट्या जावेची असणार."

मुशीराने लावायचे नियम विचारले. युम्नाने घडाघडा सांगितले. ऐकता ऐकता मुशीरा चपापली. हे सगळं तर ती स्वतः रोज गिऱ्हाइकांना सांगत होती! आणि तिला खलफ आठवला. दर गुरुवारी सकाळी येऊन मुरुमांच्या तीन मलमांच्या आठ-आठ ट्यूब नेणारा, "खेड्यातल्या दवाखान्यासाठी" म्हणणारा सज्जन माणूस. आज सकाळीच तिने त्याची पिशवी भरून दिली होती. तिने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि दोघींना घेऊन तडक अंगण गाठलं.

दारात बायकांचे नंबर लावत खलफच उभा होता, हातात तीच पिशवी.

"काय खलफ, दवाखाना इथे हलवलात वाटतं?"

खलफ पिशवी लपवायला वळला तो चौकटीवर आदळला. पिशवी फाटली आणि ट्यूबची खोकी भर अंगणात पसरली. बायका टकामका बघत राहिल्या.

"त्यात काय!" शेखाबाई गरजल्या. "मलम कुठलंही असो, मी फुंकल्याशिवाय त्याला गुण येत नाही!"

"फुंका की. पण आधी त्यावर काय लिहिलंय ते ऐकू या." मुशीराने एका खोक्यातला कागद काढून युम्नाच्या हातात दिला. "मोठ्याने वाच गं."

"रात्री, कोरड्या चेहऱ्यावर लावावे," युम्ना वाचू लागली. एक-दोघी खुदकन हसल्या. "वाटाण्याएवढे पुरे. ऊन टाळावे. सुरुवातीला आग होऊन साल निघेल. फरक दिसायला बारा आठवडे लागू शकतात."

"अगं बाई, शेखाचा जिन छापखान्यात कामाला आहे वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि अंगण हशाने भरून गेलं. हज्जासुद्धा पोट धरून हसली.

"गरोदर असल्यास, किंवा तशी शक्यता असल्यास..." युम्ना थांबली.

"वाच ना पुढे!"

"वापरू नये."

तिचा हात पोटावर गेला. हसणं जिथल्या तिथे थांबलं. "मी शेखाबाईंना सांगितलं होतं," ती कशीबशी म्हणाली. "घरात अजून सांगितलं नव्हतं, पण त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, पोटुशीवरची नजर सगळ्यात मोठी, म्हणून काळी."

"अगं, मला तरी सांगायचंस!" हज्जा म्हणाली.

"घाबरू नकोस," मुशीरा म्हणाली. "कातडीतून आत फार थोडं जातं. आजपासून बंद कर. आत्ताच बायकांच्या डॉक्टरकडे जाऊ, मी येते."

"मग आम्ही काय लावायचं?" एक पोर रडवेली झाली.

मुशीराने तिन्ही मलमांची एकेक ट्यूब उचलली. "या तिघी सख्ख्या बहिणी. ही अ‍ॅडापलीन, सगळ्यात सौम्य, बहुतेकींनी हिच्यापासून सुरुवात करावी. ही ट्रेटिनॉइन, जरा तिखट, उजेडात नासते. ही टाझारोटीन, सगळ्यात जहाल, तीच त्या काळ्या डबीत असणार. कुणाला कुठली हे कातडी बघून ठरतं, तुरटीचं नाक बघून नाही. तुरटी फुगते ती तिच्यातलं पाणी उडतं म्हणून. आणि पोटुशीला तिघीही नकोत."

मग ती सगळ्यांकडे वळली. "शेखाबाईंनी सगळा कागद पाठ केला आणि एक ओळ गाळली. मी तर दर गुरुवारी पिशवी भरून दिली, कुणासाठी हे एकदाही विचारलं नाही. बायांनो, गुण आला म्हणजे चमत्कार झाला असं नव्हे. डबीत काय आहे आणि ते मला चालतं का, एवढं विचारत जा. शेखाबाईंना विचारा, मलाही विचारा. विचारल्यावर जो चिडेल त्याच्याकडून काही घेऊ नका."

हज्जा इनआम पुढे आली. सुनेचा हात तिने घट्ट धरला आणि मुशीराकडे रोखून पाहिलं.

"मग आधी सांगा डॉक्टर, जिच्याकडे नेताय ती काय शिकलीय, आणि तिच्या औषधात काय काय असतं?"

मुशीरा चिडली नाही. दवाखान्यापर्यंतच्या वाटेवर तिने हज्जाच्या एकूण एक प्रश्नाचं उत्तर दिलं.